कणगीसारखी खोली

ज्या साली शेजारच्या मगनच्या थोरल्या पोरीचं लग्न झालं आणि आमशाच्या सुनेला, रिनाला, दुसऱ्यांदा दिवस गेले, त्या सालच्या हिवाळ्याची ही गोष्ट.

आमशा आणि त्याची बायको फुलवंताबाई डोंगरावरच्या पाड्यात राहायची. खाली खापर गावच्या बाजारातून जीप निघाली की घाटात कण्हत कण्हत चढते, आणि जिथे तिचा रस्ता संपतो तिथून पुढे थोडं पायी. सुटी सुटी घरं, एका घरातून हाक मारली तर दुसऱ्याला निम्मीच ऐकू यावी अशी. त्यांचा एकुलता एक मुलगा राजेंद्र आश्रमशाळेत शिकला, नंदुरबारला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. त्याला एक मुलगी, यामिनी. दुसरीत होती.

ही नात म्हातारा-म्हातारीच्या वाट्याला वर्षातून एकदाच यायची. उन्हाळ्यात पाड्यावर पाणी नसतं, झिऱ्यावर एक हंडा भरायला सकाळ जाते, तेव्हा पोरीला आणून करायचं काय? दिवाळी रिनाच्या माहेरची ठरलेली. उरली नाताळची सुट्टी. फुलवंताबाईचं वर्ष त्या सुट्टीपासून सुरू व्हायचं आणि त्या सुट्टीपाशीच संपायचं. तुरीच्या पहिल्या शेंगा धरल्या की ती म्हणायची, "आता यामिनीची जीप येईल."

आदल्या हिवाळ्यात मात्र बिनसलं. घर जुनं, कुडाचं. बांबूच्या चिपा विणून केलेल्या भिंती, त्यांवर शेणमातीचा हात, तोही जागोजाग गळालेला. मधोमध चूल. चुलीत रात्रभर एक ओंडका धुमसत असायचा. धूर कुडाच्या फटींतून, कौलांतून निघून जायचा आणि त्याच वाटेनं गारठा आत यायचा. म्हाताऱ्या हाडांना त्याची सवय होती, पोरीला नव्हती. ती खाली गेली ती छाती भरूनच. नंदुरबारच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होती. रिनानं मगनच्या फोनवर सासूला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "आई, तुमच्या घरात निजलं की भिंतीतून चांदण्या दिसतात. आता हिवाळ्यात पोरीला वर आणायची नाही. राग मानू नका."

फुलवंताबाईनं राग मानला नाही. चांदण्या दिसायच्या हे खरंच होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या चांदण्या बघतच झोपत आली होती. पण फोन मगनच्या हातात परत देताना तिला एवढंच कळलं, की हिवाळा गेला म्हणजे पोरच गेली.

तिनं घरी येऊन आमशाला सांगितलं. आमशा विडी ओढत बसला होता. ऐकून तशीच ओढत राहिला. त्याचं तसंच. ऐकलेलं त्याच्या आत बराच काळ पडून राहायचं आणि मग एक दिवस हातातून बाहेर यायचं.

ते बाहेर आलं ज्वारी कापून झाल्यावर. आमशानं बांबू तोडून आणले, चिपा काढल्या आणि घराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक वेगळी खोली विणायला घेतली. आता आमशाचं विणणं म्हणजे काय, हे आजूबाजूच्या चार पाड्यांना ठाऊक. धान्य साठवायची कणगी करावी तर आमशानं. माणसाच्या उंचीची बांबूची कणगी विणायची, आतून बाहेरून शेण, माती आणि कुटलेला पेंढा मिसळून लिंपायची, धान्य भरलं की तोंडही लिंपून टाकायचं. "माझ्या कणगीत किडा जगत नाही," आमशा अंगठ्यानं लिंपण दाबत सांगायचा. "आत वाराच नाही, तर जगेल कशावर?" खरोखर त्याच्या कणगीतली ज्वारी पुढच्या पावसापर्यंत जशीच्या तशी निघायची.

त्यानं खोली तशीच लिंपली. आतून एक हात, बाहेरून एक हात, वाळल्यावर तडे बघून पुन्हा एक हात. वर कौलांखाली बाजारातून आणलेली निळी ताडपत्री ताणून बांधली आणि तिच्या कडाही लिंपून टाकल्या. जुन्या फळ्यांचं दार केलं, फळ्यांमधल्या फटींत चिंध्या कोंबल्या.

मगन येता-जाता उभा राहायचा. "डाया, हे घर की कणगी?" तो विचारायचा. डाया म्हणजे म्हातारा, पण मानाचा. "नात काय ज्वारी आहे? भरून ठेवणार का आत?"

"भरून ठेवणार," आमशा म्हणायचा. "तुझ्या पोरींसारखी मोकळी सोडून देऊ काय, वाऱ्यावर?"

"माझ्या पोरींना गारठा लागत नाही. माझ्या पोरी बघूनच गारठा पळतो."

फुलवंताबाई माती तुडवत असायची. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाण्याचं मडकं. तिलाही हुरूप यायचा. "मी आले तेव्हापासून ह्या माणसानं माझ्यासाठी एक भोक बुजवलं नाही," ती मगनला ऐकवायची. "नातीसाठी बघ, मुंगीलाही वाट ठेवली नाही."

"तू कुठे जाणार होतीस मला सोडून?" आमशा म्हणायचा. "तुझं काय बुजवायचं?"

मध्ये एकदा राजेंद्र आला. खोली बघून हसला, आत जाऊन दार लावून उभा राहिला. "बा, एक खिडकी ठेवायची ना."

"खिडकीतून काय येतं आत?"

"उजेड येतो."

"आणि उजेडाच्या मागून गारठा येतो. पोरीला रात्री उजेड कशाला पाहिजे?"

राजेंद्रनं वाद घातला नाही. बापानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी काहीतरी नवं बांधलं होतं. त्यानं मोबाईलवर खोलीचे फोटो काढले, रिनाला दाखवायला. जाताना आईला म्हणाला, "याहा, बहुतेक येईल ती."

आणि ती आली. नाताळची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पायवाटेनं तिघं येताना दिसली. पुढे राजेंद्र, खांद्यावर बॅग. मागे रिना, एक हात कमरेवर, तिचं पोट आता दिसू लागलं होतं. आणि मध्ये यामिनी, कानटोपी, स्वेटर, हातमोजे, त्यातून फक्त नाक बाहेर.

"ही कोण आली?" आमशानं दारातून विचारलं. "अस्वलाचं पिल्लू काय?"

"मी यामिनी. तुम्ही आजा ना?" शाळेत तिला मोठ्यांना तुम्ही म्हणायला शिकवलं होतं.

आमशानं मागे वळून पाहिलं. "माझ्यामागे अजून कोण उभा आहे? 'तुम्ही' कोणाला म्हणतेस?"

पोर खो खो हसली. तेव्हापासून ती त्याला मुद्दाम "तुम्ही सगळे" म्हणून हाक मारू लागली. "तुम्ही सगळे, इकडे या. तुम्ही सगळे, शेंगा भाजून द्या."

रिनानं खोलीत जाऊन भिंतीला तळवा लावला. सगळ्या भिंतींना लावला. ताडपत्रीकडे पाहिलं. मग बाहेर येऊन सासूजवळ चुलीपाशी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, एवढं कशाला केलं?" तिचे डोळे भरले होते. फुलवंताबाईनं तिच्या ताटलीत उडदाच्या डाळीचा आणखी एक पळा वाढला. त्या संध्याकाळी तिनं खोलीच्या कोपऱ्यात नव्या ज्वारीचे मूठभर दाणे ठेवले, देवीच्या, याहा मोगीच्या नावानं. आई, पोर सुखात निजू दे, एवढंच मागितलं.

खोलीत चूल नव्हती. म्हणून झोपायच्या आधी फुलवंताबाईनं जुन्या घमेल्यात चुलीतले रसरशीत निखारे काढले आणि आत नेऊन ठेवले. धूर नाही, धग मात्र चांगली. राजेंद्र, रिना, यामिनी आत झोपली, म्हातारा-म्हातारी बाहेर चुलीपाशी. सकाळी गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता, पायाखाली करकर वाजत होता. यामिनी तो नखानं खरवडून बघत होती. "आजी, रात्री मला गरम झालं. मी मोजे काढले." हे ऐकून फुलवंताबाईला जे वाटलं ते तिला जत्रेत, लग्नात, कधी वाटलं नव्हतं.

रिनाला सकाळी उलटी झाली. डोकं दुखत होतं. "पोटुशी बाई, घाटाची वळणं, होणारच," फुलवंताबाई म्हणाली आणि तिला लिंबाचं पाणी दिलं. यामिनीही म्हणाली, माझंपण डोकं दुखतं. "तू किती शेंगा खाल्ल्यास काल?" राजेंद्रनं विचारलं. फुलवंताबाईनं मीठ-मिरची घेऊन पोरीची नजर काढली. मिरचीचा ठसका आला नाही, म्हणजे नजर कडक होती. उन्हं वर आली, पोर बाहेर शेळ्यांमागे धावू लागली आणि डोकेदुखी गेली. नजर उतरली असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या रात्रीही तसंच. रिनाला रात्रीतून दोन-तीनदा उठून बाहेर जावं लागायचं, पोटातल्या बाळामुळे. दर वेळी दार उघडायचं, गारठा आत शिरायचा. "माझ्यामुळे पोरीची झोपमोड होते," ती सकाळी म्हणाली. तिचं डोकं पुन्हा धरलं होतं.

त्या दिवसांत घरात फार काही घडलं नाही आणि तेच चांगलं होतं. आमशा नातीला बांबूची शिट्टी करून द्यायचा, ती वाजायची नाही, मग दुसरी करायचा. राजेंद्र बापाबरोबर लाकडं फोडायला जायचा आणि हाताला फोड आले की लपवायचा. "दाखव, दाखव," आमशा म्हणायचा. "खुर्चीवर बसून हात असे होतात होय." रिना भाकरी थापायची, तिची भाकरी पातळ यायची. फुलवंताबाई ती उजेडाकडे धरून म्हणायची, "हिच्यातूनपण चांदण्या दिसतात गं." सून-सासू दोघी हसायच्या. आदल्या सालचं बोलणं असं हसण्यावारी निघून गेलं.

मग रिनाच्या मामेभावाकडचं बोलावणं आलं, खापरला. साखरपुडा होता. संध्याकाळचा कार्यक्रम, रात्री वर यायला जीप नाही, म्हणजे मुक्काम आलाच. यामिनीनं जायला साफ नकार दिला. काळी शेळी व्यायला झाली होती. पिल्लू बघितल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"राहू दे तिला," फुलवंताबाई म्हणाली. "एका रात्रीचा तर प्रश्न. माझ्याजवळ राहते ना."

रिना वाटेला लागून परत आली. "आई, टोपी काढू देऊ नका रात्री. आणि दार नीट लावा हं. मी नसले म्हणजे सारखं उघडणारही नाही."

"लावते गं बाई. जा तू. नव्या नवरीपेक्षा तुलाच उशीर होईल."

त्या संध्याकाळी वारा सुटला. डोंगरावरचा हिवाळ्यातला वारा म्हणजे सुरी. जनावरं भिंतीला चिकटून उभी होती. काळी शेळी अस्वस्थ होती, पाय बदलत होती, म्हणून फुलवंताबाईनं तिच्याजवळ, बाहेरच्या भागात निजायचं ठरवलं. यामिनी आजाजवळ खोलीत.

"पिल्लू झालं की मला उठवायचं," पोरीनं बजावलं.

"उठवीन."

"झोपले असले तरी उठवायचं."

"झोपलेल्यालाच उठवतात ना, शहाणे."

आमशा आधीच गोधडीत शिरला होता. यामिनी त्याच्या पाठीला पाठ लावून पडली. फुलवंताबाईनं चुलीतला धावड्याचा मोठा ओंडका फोडला, त्याचे निखारे घमेल्यात भरले. रोजच्यापेक्षा जास्त भरले. एवढा वारा, आणि रिनानं विश्वासानं सोपवलेली पोर. दार ओढलं, पण खालून वारा शिरत होता, तिच्या पायाला लागला. तिनं जुनी गोधडी गुंडाळून दाराच्या खाली घट्ट सारली. आतून आमशा म्हणाला, "मुंगीलाही वाट ठेवली नाहीस." ती म्हणाली, "तुझ्याकडूनच शिकले." मग आतून पोरीचं हसणं आलं. मग काही आलं नाही.

शेळी उजाडता उजाडता व्याली. दोन पिल्लं, एक काळं, एक कपाळावर पांढरा टिकला असलेलं. फुलवंताबाईनं टिकल्याचं पिल्लू फडक्यानं पुसलं, पदरात घेतलं आणि दाराखालची गोधडी पायानं बाजूला केली. दार उघडलं तर आतून ऊब अंगावर आली, जड, शिळी. घमेल्यात राख होती. उजेड पोरीच्या तोंडावर पडला. गाल लाल झालेले, ओठ लाल, जसं तापलेलं लेकरू उन्हातून खेळून यावं. क्षणभर फुलवंताबाईला केवढं समाधान वाटलं. पोर किती गरम निजली. ती खाली बसली, पिल्लू तिच्या गालाजवळ धरलं आणि म्हणाली, "ऊठ गं, बघ कोण आलं."

पिल्लू ओरडलं. पोर उठली नाही. तिनं हात धरला तेव्हा कळलं.

तिच्या ओरडण्यानं मगन धावत आला. त्यानं दोघांना ओढून अंगणात आणलं. आमशाचा श्वास चालू होता, घशात घरघर होती, तोंडाला फेस. यामिनीला मगननं खांद्यावर घेतलं आणि जीपच्या रस्त्यापर्यंत पळत गेला, वाटेत तिच्या नावानं हाका मारत गेला. मागून आमशाला चौघांनी झोळीत घालून नेलं. खाली सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बघितलं, आणि मगनला बाहेर बाकावर बसवलं. मग विचारलं, खोलीत काय पेटवलं होतं? मगननं सांगितलं, निखारे. खोलीला खिडकी होती? नव्हती. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, निखाऱ्यांचा एक वायू असतो, दिसत नाही, वास येत नाही. मोकळ्या कुडाच्या घरात काही होत नाही. मगननं हे वर येऊन फुलवंताबाईला सांगितलं ते जमिनीकडे बघून. त्याला आपलीच थट्टा आठवत होती.

पोरीला पाड्यावरच, शेताच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली पुरलं. रिनानं टोपी तिच्या डोक्यावरून काढू दिली नाही. राजेंद्र सगळं करत होता, खड्डा, माती, दगड. बाप दवाखान्यात होता. निघताना राजेंद्रनं आईच्या पायांना हात लावला, पण वर पाहिलं नाही. रिना मात्र थांबली. फुलवंताबाईला वाटलं, आता ती शिव्या देईल. ती वाट बघत होती शिव्यांची. रिना म्हणाली, "चांदण्या दिसायच्या तेच बरं होतं, आई." आणि गेली.

आमशा घरी आला तो पुरता आमशा नव्हता. हात थरथरायचे, शब्द सापडायचे नाहीत, कालचं आज आठवायचं नाही. पण घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पहार घेतली आणि खोलीच्या भिंतीत भोक पाडलं. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. फुलवंताबाई बघत राहायची. लिंपण पडायचं, धूळ उडायची, बांबूच्या चिपा मोडायच्या. पावसाळा आला तेव्हा भिंत चाळणीसारखी झाली होती. त्या वर्षी कोणी कणगी करायला बोलवायला आलं तर तो नुसता बसून राहायचा. घरच्या कणगीचं तोंड लिंपायचं राहिलं, ज्वारीला किडा लागला. फुलवंताबाई सुपात घेऊन पाखडायची, किडे अंगणात पडायचे, कोंबड्या टिपायच्या.

उन्हाळ्यात रिना बाळंत झाली. मुलगा झाला, असं मगनच्या फोनवर राजेंद्रनं सांगितलं. नाव त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. बघायला या, असं तो म्हणाला नाही. ती मात्र म्हणाली, "थंडीत जपा." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. दिवाळी झाली, तुरीला शेंगा धरल्या. टिकल्याची शेळी आता मोठी झाली होती. तिला विकायला फुलवंताबाईचा हात धजत नव्हता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

मग एका सकाळी गवतावर पांढरा थर पडला. फुलवंताबाई झिऱ्यावरून पाणी घेऊन आली तर आमशा अंगणात बसलेला. समोर माती, शेण, पेंढा. तो हातानं कालवत होता, थरथरत, भिंतीला टेकून. एक भोक त्यानं बुजवलंही होतं. ओलं लिंपण होतं, त्यावर अंगठ्याचा ठसा.

"हे काय करतोस, डाया?"

"भोकं पडली बघ भिंतीला," तो म्हणाला. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता एवढा स्वच्छ होता. "सुट्टी लागेल आता. पोर यायची. गारठा लागेल तिला."

फुलवंताबाईनं हंडा खाली ठेवला. तिला वाटलं, करू द्यावं. करू दिलं तर हा माणूस चार दिवस सुखात राहील, वाट बघेल, जीपच्या रस्त्याकडे डोळे लावील. मग सुट्टी संपेल. आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा माती कालवेल. तिनं ओल्या लिंपणात बोट घातलं आणि भोक पुन्हा मोकळं केलं. वारा आत गेला.

"का काढलंस?" तो चिडला. "पोरीला काय ठेवायचं भोकाच्या घरात?"

ती त्याच्याजवळ चिखलात बसली. त्याचे दोन्ही हात हातात धरले, माती लागलेले. तिनं सांगितलं, मोठ्यानं, कारण त्याला आता कमी ऐकू यायचं, आणि हळू सांगितलं असतं तर पुन्हा सांगावं लागलं असतं.

"यामिनी येणार नाही. यामिनी मेली. मागच्या नाताळच्या सुट्टीत, काळी शेळी व्याली त्या रात्री, ह्या खोलीत."